'पिक अप'चे इतके अर्थ: कुठे कोणता शब्द बदलून चालतो?

कृष्णाकाठ (सांगली)

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीसाठी फ्रेझल व्हर्ब्ज (क्रियापदाला 'अप', 'ऑन'सारखा शब्द जोडून बनणारी क्रियापदं) करतोय आणि 'पिक अप'वर गाडी अडलीय. कोश उघडला की उचलणे, आणायला जाणे, शिकणे, आजार लागणे, सुधारणे, अटक करणे, विकत घेणे... यादी संपतच नाही. नोट्समध्ये समोर 'लिफ्ट, कलेक्ट, लर्न, इम्प्रूव्ह' असे चार शब्द दिलेत. वाक्यातलं 'पिक अप' काढून ते घातले की कधी जमतं, कधी उत्तर चुकतं. घोकंपट्टी न करता हे डोक्यात बसवायची काही रीत आहे का? आणि 'पिक अप इट' चूक का, तेही सांगा.

हळदपेठ

आधी आपलं 'उचलणे' समोर ठेवा, निम्मं काम तिथेच होतं. पोती उचलली, फोन उचलला, पोलिसांनी संशयिताला उचललं, हॉटेलचा खर्च मित्राने उचलला, पोराने शेजारच्या मुलांच्या सवयी उचलल्या. या सगळ्याला इंग्रजीत बिनधास्त 'पिक अप' चालतं. एवढंच काय, 'हळदीच्या भावाने उचल खाल्ली' हे 'टर्मरिक प्रायसेस पिक्ड अप' असंच होतं.

जिथे 'उचलणे' बसत नाही तेवढेच अर्थ वेगळे लिहून काढा. ते फार नाहीत:
– माणसाला गाडीतून आणायला जाणे: 'आय विल पिक यू अप ॲट मिरज स्टेशन'.
– आजाराची लागण: 'पिक अप अ व्हायरस'.
– यंत्राने लहर किंवा आवाज पकडणे: रेडिओवर सांगली केंद्र लागलं, माइकने पंख्याची घरघर पकडली.
– जाता जाता विकत घेणे: 'पिक अप सम मिल्क'.
– थांबलेलं तिथूनच पुढे सुरू करणे: 'पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ'.

मिरज जंक्शन

वरची युक्ती इंग्रजीतून मराठीत येताना ठीक आहे. उलट दिशेने गेलात की आपटाल, आणि परीक्षेत नेमकं तेच विचारतात. पाऊल उचलणे म्हणजे 'टेक अ स्टेप'. हात वर करायला सांगायचं तर 'रेझ युवर हँड'. जबाबदारी उचलणे 'टेक ऑन', मागणी उचलून धरणे 'सपोर्ट' किंवा 'बॅक'. यात 'पिक अप' कुठेच नाही. आणि आपल्याकडे साखर कारखाना उसाची 'पहिली उचल' देतो, ती सरळ 'फर्स्ट इन्स्टॉलमेंट'.

माझ्या मते अर्थ ओळखायची पक्की खूण कर्मात असते. कर्म आहे की नाही ते आधी बघा. नसेल तर अर्थ बहुतेक वेळा 'वाढणे' किंवा 'सुधारणे': 'द विंड पिक्स अप', चाळकेवाडीच्या पठारावर दुपारी वारा जोर धरतो तसा. 'सेल्स पिक्ड अप', 'हिज हेल्थ पिक्ड अप'. इथे कर्म नाही म्हणून या अर्थाचा कर्मणी प्रयोगही होत नाही. 'सेल्स वेअर पिक्ड अप' हे चूक शोधायच्या प्रश्नात हमखास टाकण्यासारखं वाक्य आहे.

कर्म असेल तर ते कोण आहे? माणूस: आणायला जाणे, अटक, किंवा पडलेल्याला उठवणे. भाषा, सवय, कसब: शिकणे. सर्दी, ताप: लागण. 'स्पीड': वेग घेणे. 'बिल': पैसे भरणे. कर्म बदललं की अर्थ आपोआप बदलतो, पाठांतर लागत नाही.

एक सावधगिरी. आईला, बहिणीला, पाहुण्यांना आणायला गेलात तर 'पिक अप' निर्धास्त वापरा. पण 'आय पिक्ड अप अ गर्ल ॲट द बस स्टँड' म्हटलंत की अनोळखी मुलीशी लगट करून तिला पटवलं असा अर्थ निघतो. तिथे 'गेव्ह अ लिफ्ट टु' म्हणा.

वाईकर

आता मूळ अडचण, समानार्थी शब्दांची. नोट्समधले चारही शब्द अर्धवट आहेत.

'लर्न' हा शब्द 'पिक अप'पेक्षा मोठा आहे. 'पिक अप' म्हणजे शिकवणी न लावता, कानावर पडून येणं. जतच्या बाजूला पोरं खेळता खेळता कन्नड बोलायला लागतात, ते 'पिक अप'. व्याकरण घेऊन बसून शिकलात तर 'लर्न' किंवा 'स्टडी'. म्हणून 'पिक्ड अप'च्या जागी 'लर्न्ड' घातलं तर वाक्य चुकत नाही, पण 'सहज' ही छटा जाते. 'अक्वायर' अर्थाने जवळ आहे, फक्त तो पुस्तकी. गप्पांत जड वाटतो.

'इम्प्रूव्ह' धंद्याला आणि तब्येतीला चालतं, वाऱ्याला नाही. वारा 'इम्प्रूव्ह' होत नाही, तिथे 'गेट स्ट्राँगर'. वेगाला 'गेन' किंवा 'गॅदर'. भावाला 'रिकव्हर' वापरताना आधी भाव पडलेला असायला हवा.

'लिफ्ट'मध्ये वजन वर नेण्यावर भर आहे. जमिनीवर पडलेलं पेन 'लिफ्ट' करत नाहीत, 'पिक अप' करतात. शिवाय बोलीत 'लिफ्ट'चा अर्थ चोरणेही होतो, म्हणजे आपली उचलेगिरी. आजाराला 'कॅच' बोलण्यात, 'काँट्रॅक्ट' वैद्यकीय लिखाणात. लहरींना 'रिसीव्ह' किंवा 'डिटेक्ट'. अटकेला 'अरेस्ट' टाकताना जरा थांबा: 'पिक्ड अप' नुसतं चौकशीला नेलं तरी म्हणतात, तिथे 'डिटेन' जास्त जवळचं.

'पिक' आणि 'पिक अप' यांची गल्लत आपल्याकडे फार होते. पाचगणीच्या मळ्यात रोपावरून स्ट्रॉबेरी खुडली तर 'वी पिक्ड स्ट्रॉबेरीज'. तिथे 'पिक्ड अप' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, येताना रस्त्यावरच्या स्टॉलवर दोन बॉक्स घेतले. द्राक्षं, कापूस, फुलं, सगळ्यांना नुसतं 'पिक'. फळ खाली पडलेलं असेल तरच 'पिक अप'.

'पिक अप इट'बद्दल: कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच येतं. 'पिक इट अप', 'पिक देम अप', 'पिक हर अप'. कर्म नाम असेल तर दोन्ही चालतं, 'पिक अप द बॅग' आणि 'पिक द बॅग अप'. पण कर्म लांबलचक झालं, समजा 'गेटजवळ ठेवलेली हळदीची दोन पोती', तर ते शेवटी टाका. नाहीतर 'अप' इतका मागे राहतो की वाचणारा त्याला विसरतो. 'पिक अप स्पीड' मात्र सहसा फोडत नाहीत. शिकणाऱ्यांसाठीच्या ऑक्सफर्ड आणि लाँगमन कोशांत मधे दोन्हीकडे टोक असलेला बाण दिसतो, तो हेच सांगतो की कर्म आत घालता येतं. बाण नसेल तिथे कोशात दाखवलेला क्रमच पाळा.

कृष्णाकाठ

कर्माची खूण एकदम पटली. 'पिक ऑन' आणि 'पिक आउट' यातच धरायचे का? आणि 'गाडीला पिकअप नाही' हे इंग्रजीत चालेल?

मिरज जंक्शन

नाही, ते स्वतंत्र. 'पिक ऑन' म्हणजे एकालाच धरून छळणे, 'पिक आउट' म्हणजे घोळक्यातून निवडणे किंवा ओळखणे. शेपटीला आणखी एक शब्द जोडलेलेही बघून ठेवा. 'पिक अप ऑन अ हिंट' म्हणजे न बोललेलं ताडणे. 'पिक समवन अप ऑन समथिंग' मात्र ब्रिटिश वळणाचं, एखाद्याला त्याची चूक दाखवणे. दिसायला सारखे, अर्थ भलतेच.

हळदपेठ

गाडीचा 'पिकअप' समजेल, पण लिहिताना 'ॲक्सिलरेशन' बरं. नाम म्हणून 'पिकअप' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर मागे उघडा हौदा असलेली मालवाहू गाडी येते. उच्चारातही फरक आहे: नामात जोर 'पिक'वर, क्रियापदात 'अप'वर. ऐकण्याच्या चाचणीत हे उपयोगी पडतं. आणि 'पिक्ड अप' सलग बोलताना 'पिक्टप' असं ऐकू येतं, तिथे 'ट' निसटला तर भूतकाळ कळत नाही.