रात्री उसाला पाणी धरण्यासाठी कोणती टॉर्च घ्यावी?

प्रश्न
आमच्याकडे शेतीपंपांना आळीपाळीने वीज मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात वडील आणि मी मध्यरात्रीनंतर शिवारात असतो. वर्षभरापूर्वी घेतलेली चार्जिंगची मोठी टॉर्च आता रात्रभर चार्जिंगला लावूनही पाव तासात मंदावते. नवी घ्यायची आहे, परंतु कोणी हजारो ल्युमेनचा उजेड सांगतो, तर कोणी दोन किलोमीटरचा झोत. बांधावरून चालणे, सरीचे दार बदलणे आणि विहिरीवरची मोटर पाहणे, एवढीच आमची गरज आहे. नेमके काय पाहून निवड करावी?

प्रतिसाद १
तुमच्या जुन्या टॉर्चमध्ये बहुधा चार व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असावी. अशी बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि मग कितीही चार्ज केले तरी ती वीज साठवू शकत नाही. दिवसपाळीच्या आठवड्यात टॉर्च तशीच खुंटीला राहत असेल, तर बिघाडाचे कारण तेच असण्याची शक्यता मोठी आहे.

नवी टॉर्च १८६५० मापाच्या, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या, बाहेर काढता येणाऱ्या लिथियम-आयन सेलची घ्यावी. सेल थकला तर फक्त सेल बदलता येतो. ल्युमेनच्या दाव्यांची पारख साध्या हिशेबाने होते. ३००० एमएएच क्षमतेच्या सेलमध्ये सुमारे ११ वॉट-तास ऊर्जा असते आणि चांगला एलईडी एका वॉटमध्ये साधारण शंभर ल्युमेन देतो. त्यामुळे शंभर ल्युमेनचा प्रकाश रात्रभर पुरेल, परंतु हजार ल्युमेनचा जेमतेम तासभर टिकेल. याच मापाच्या सेलवर ९००० एमएएच छापलेले दिसले, तर तो मुळीच घेऊ नका. एवढी क्षमता त्या आकारात मावतच नाही.

प्रतिसाद २
वरील हिशेब योग्य आहे, परंतु माझ्या मते तुमच्यासाठी झोताचा आकार अधिक महत्त्वाचा आहे. झोताचे अंतर मोजण्याच्या प्रचलित मानकात प्रकाश ०.२५ लक्सपर्यंत, म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो तिथवरचे अंतर धरतात. तेवढ्या उजेडात दूरच्या बांधावर काय आहे हे नीट ओळखूही येत नाही. शिवाय झोताची पल्ला गाठण्याची क्षमता दुप्पट करायची, तर त्याची तीव्रता चौपट लागते, आणि ती मिळवण्यासाठी झोत अरुंद केला जातो. अरुंद झोतात समोर एक लखलखीत ठिपका दिसतो आणि पायाजवळचा भाग काळोखात राहतो.

हे मी आग्रहाने सांगतो आहे, कारण मण्यार रात्रीच फिरते आणि घोणस पाचटात हलत नसेल, तर तिच्या अंगावरचे तपकिरी ठिपके पटकन वेगळे ओळखू येत नाहीत. त्यासाठी पसरट प्रकाश हवा आणि तोही फार निळसर नको. ४००० ते ५००० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आसपासच्या, रंग नीट दाखवणाऱ्या प्रकाशात पाचट, माती आणि साप यांतला फरक लवकर कळतो. झोत सतत पावलांच्या पुढे दोन-तीन मीटरवर ठेवावा, हातात काठी असावी आणि टॉर्च कितीही चांगली असली, तरी गमबूट घातल्याशिवाय उसात शिरू नये.

प्रश्नकर्ता
दोन्ही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. एक अडचण राहते. वडिलांना एकाच बटणावर पाच-सहा प्रकारचे उजेड असलेली टॉर्च त्रासदायक वाटते, आणि लुकलुकणारा दिवा लागला की ते ती बंदच करून टाकतात.

प्रतिसाद ३
वडिलांसाठी मागच्या टोकाला बटण असलेली, मंद आणि प्रखर असे दोनच उजेड देणारी टॉर्च पाहा. त्यांना पेन्सिल सेलची सोपी वाटत असेल, तर निकेल-मेटल हायड्राइडचे पुन्हा चार्ज होणारे सेल वापरा. अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये महिनोन्महिने राहिले तर गळतात आणि त्यातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडने आतली स्प्रिंग खराब होते. पावसाळ्यासाठी पाण्यापासून संरक्षणाचा आयपीएक्स७ दर्जा पाहावा. अशी टॉर्च एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते, त्यामुळे सरीत पडली तरी चिंता नाही. मात्र झाकणाच्या आट्यांजवळचे रबरी कडे अधूनमधून पुसून त्याला सिलिकॉन ग्रीस लावावे, कारण त्या कड्यात माती अडकली की पाणी तिथूनच आत शिरते.