मदत हवी आहे: टाइम स्टेप कमी केली आणि मॉडेलमधले ढगच गायब (तातडीचं)

ढगोबा
हवामान मॉडेलची टाइम स्टेप, म्हणजे मॉडेल एका उडीत जेवढा वेळ पुढे जातं ती, ३० मिनिटांवरून ५ मिनिटांवर आणली. रन पडली नाही, नीट संपली. पण मराठवाड्यावरचे ढग जवळपास साफ! जुलै महिना आहे, जुलैत एवढं कोरडं आभाळ? स्टेप लहान केली की उत्तर सुधारायला पाहिजे ना? सोमवारी सरांना नकाशा दाखवायचाय. कोणी केलंय का हे? कृपया थिअरी नको, नेमकं काय बदलू तेवढंच सांगा.

पैठणगेट
मॉडेल कोणतं?

नांदेडी_भौतिकी
मॉडेल, ग्रिड (नकाशाचे खाने केवढे), कोणत्या उंचीचे ढग, रन कधीपासून कधीपर्यंत, समुद्राचं तापमान बाहेरून दिलंय की समुद्राचं मॉडेलही जोडलंय? एकाचाही पत्ता नाही. "ढग गायब" एवढ्यावर काय सांगणार?

डब्ल्यूआरएफवाला
एवढं काय त्यात. डब्ल्यूआरएफला (एका भागापुरतं चालवायचं मॉडेल) ग्रिडचे किलोमीटर गुणिले सहा, तेवढे सेकंद. २७ किमी असेल तर १६० च्या आसपास. माझ्या सगळ्या रन ह्याच हिशोबावर चालतात, आजवर अडलं नाही.

पैठणगेट
त्याचं ३० मिनिटांवर चालत होतं म्हणतोय. १८०० सेकंदाला तुमच्या सूत्राने ३०० किमीचं ग्रिड येतं. ग्लोबल मॉडेल आहे उघड.

डब्ल्यूआरएफवाला
लिहिलंय का कुठं तसं?

ढगोबा
ग्लोबलच हो. कॅम ५ (वातावरणाचं मॉडेल), एफ१९ ग्रिड (साधारण दोन अंशांचे खाने), समुद्राचं तापमान बाहेरून दिलेलं. रन १ जुलैपासून महिनाभर. एटीएम-एनसीपीएल, म्हणजे दिवसातल्या स्टेपची संख्या, ४८ चं २८८ केलं, बाकी नेमलिस्टला (सेटिंगची फाइल) हात लावला नाही. आता तरी सांगा.

सीएफएल_झिंदाबाद
कूरां, फ्रीड्रिख्स, लेवी यांनी १९२८ सालीच सांगून ठेवलंय: एका स्टेपमध्ये वाऱ्याने एक खाना ओलांडता कामा नये, हाच सीएफएल नियम. आधी ते तपास.

नांदेडी_भौतिकी
जेट स्ट्रीम सेकंदाला १०० मीटर धरली तरी ३० मिनिटांत १८० किमी जाते. एफ१९ चा खाना दक्षिणोत्तर २१० किमी. शिवाय डायनॅमिक्स (मॉडेलचा वारा पुढे नेणारा भाग) आत स्वतःच्या सब-स्टेप घेतं. आणि सीएफएल मोडलं तर रन फुटते, आकडे वेडे होतात. ढग गुपचूप कमी होत नाहीत. इथे त्याने स्टेप *कमी* केलीय, तुम्ही उलट्या बाजूचं औषध देताय.

सीएफएल_झिंदाबाद
स्टॅबिलिटी आधी, ढग नंतर. आम्ही असंच शिकलो.

रब्बी_खरीप
बीडकडचा आहे. तुमच्या मॉडेलात ढग गायब झाले म्हणजे यंदा पाऊस लांबायलाय का? सोयाबीन टाकावं का नाही, तेवढं सांगा.

पैठणगेट
दादा, हा ह्या वर्षीचा अंदाज नाही, सरावाची रन आहे. पेरणीचं म्हणाल तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन चांगली ओल गेल्याशिवाय सोयाबीन टाकू नका, कृषी विभाग दरसाल तेच सांगतो.

कटिंग_चहा
ढगच पाहिजेत तर विमान बोलवा. २०१५ ला आणि परत २०१९ ला आपल्या संभाजीनगरवरूनच उडालं होतं की कृत्रिम पावसासाठी.

नांदेडी_भौतिकी
त्याला आधी आभाळात ढग लागतात. तो वाद वेगळ्या धाग्यावर घाला.
ढगोबा, नेमलिस्टमधली एनएचटीएफआरक्यू (आउटपुट किती वेळाने लिहायचं) आणि एमफिल्टची (एका फायलीत किती रेकॉर्ड) ओळ इथे टाका. नकाशा कोणत्या फायलीतून काढलाय तेही.

ढगोबा
त्याचा ढगांशी काय संबंध? ते आउटपुटचं आहे.
एनएचटीएफआरक्यू = ०, ४८
एमफिल्ट = १, ३१
पहिला आकडा एच० फायलींचा, दुसरा एच१ चा. नकाशा एच१ मधून, रोजची सरासरी असते त्यात. स्क्रिप्ट ३१ दिवसांची सरासरी काढते.

नांदेडी_भौतिकी
सापडलं. एनएचटीएफआरक्यूमध्ये शून्य म्हणजे महिना, उणे आकडा म्हणजे तास, आणि अधिक आकडा म्हणजे टाइम स्टेप. ४८ गुणिले ३० मिनिटं म्हणजे एक दिवस, बरोबर. पण ४८ गुणिले ५ मिनिटं म्हणजे चार तास! एका फायलीत ३१ रेकॉर्ड मावतात, म्हणजे १२४ तास. तुमचा "जुलै" पहिल्याच फायलीत, ६ तारखेच्या पहाटे संपलाय. त्यात रन १ तारखेला सुरू झालेली, मॉडेल अजून स्थिरावतंच आहे. फोल्डरमध्ये एच१ च्या फायली आधीपेक्षा जास्त आहेत का बघा.

ढगोबा
हो, ढीग आहे. मला वाटलं रन मोठी झाली म्हणून. नेमलिस्ट सिनियरची आहे, मी फक्त वापरतो.

पैठणगेट
४८ च्या जागी -२४ लिहा, मग स्टेप काहीही ठेवा, दिवस दिवसच राहील. आत्ता रन परत टाकायची गरज नाही, एच० मध्ये महिन्याची सरासरी तयार पडलीय. आयरॅडएसडब्ल्यू (सूर्यकिरणांचं गणित किती वेळाने करायचं ते) कोणी अधिक आकड्यात दिलंय का तेही बघून घ्या, नाहीतर रेडिएशन सहापट वेळा चालेल आणि कोअर-तास (कॉम्प्युटरचा मोजून मिळालेला वेळ) उडतील.

ढगोबा
एच० मधून काढला. ढग आले परत! पण खालचे ढग अजूनही ३० मिनिटांच्या रनपेक्षा कमी दिसतात. आणि पावसाचं गणितही बदललंय, प्रेक-सी (संवहनाचा पाऊस) उतरलं, प्रेक-एल (मोठ्या पट्ट्याच्या ढगांचा पाऊस) चढलं. हे पण फायलीचंच का?

नांदेडी_भौतिकी
नाही, हे खरं आहे. थिअरी नको म्हणालात, तरी चार ओळी वाचा. झांग-मॅकफार्लेन ही संवहनाची (हवा वर उसळून ढग होण्याची) स्कीम हवेतली अस्थिरता एका तासाच्या हिशोबाने काढते. ३० मिनिटांची स्टेप असली तर एका फेरीत साधारण निम्मी निघते, ५ मिनिटांची असली तर बारावा हिस्सा. आणि मागून येणारी मोठ्या पट्ट्याच्या ढगांची स्कीम उरलेली सगळी जादा वाफ त्याच स्टेपमध्ये पाणी करून टाकते, तिला स्टेप लहान-मोठी सारखीच. म्हणून स्टेप लहान केली की संवहनाचा वाटा घटतो आणि दुसरीचा वाढतो. नेमकं तेच तुमच्या प्रेक-सी, प्रेक-एलमध्ये दिसतंय. खालच्या ढगांवर ह्याशिवायही बऱ्याच गोष्टींचा हात असतो. एका जुलैवरून छातीठोक बोलू नका, पाच वर्षं तरी चालवा.

सीएफएल_झिंदाबाद
म्हणजे मुळात टाइम स्टेपचाच प्रश्न होता. मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो.

नांदेडी_भौतिकी
तुम्ही सीएफएल म्हणत होतात.

ढगोबा
मग सरांना बरोबर स्टेप कोणती सांगू, ३० की ५?

पैठणगेट
कॅम ५ चं ट्यूनिंग १८०० सेकंदावर झालंय. स्टेप बदलली की ते सगळे नॉब त्यांच्या जागेवरून हलतात, म्हणून ५ मिनिटांचं "जास्त अचूक" असं लिहू नका. हा खेळ मोठ्यांनाही चुकलेला नाही. सीईएसएम-२ मध्ये (ज्यात कॅमचीच पुढची आवृत्ती आहे) हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला की तापमान ५ अंशांच्या वर चढायचं. नंतर ढगातल्या बर्फकणांच्या संख्येवरची मर्यादा काढली, मायक्रोफिजिक्सची (थेंब आणि बर्फकणांच्या गणिताची) स्टेप लहान केली, तर आकडा ४ च्या आसपास आला.

आणि ढगोबा, एफ१९ वर मराठवाड्याचा नकाशा काढू नका. एक खाना अंदाजे ५५ हजार चौरस किमीचा, आपले आठ जिल्हे मिळून ६४-६५ हजार. तुमच्या नकाशात परभणी आणि नांदेड एकाच रंगात आलं असेल बघा.

ढगोबा
आलंय. स्मूथ केलं की बरं दिसतं पण.

पैठणगेट
स्मूथ करू नका! भारताचा नकाशा काढा, दोन्ही रनचा फरक दाखवा, बाजूला प्रेक-सी आणि प्रेक-एल. सोमवारपर्यंत एवढं होतं.

डब्ल्यूआरएफवाला
मराठवाडाच दाखवायचा असेल तर डब्ल्यूआरएफ लावा, ९ किमी, ५४ सेकंद. नेमलिस्ट पाठवू का?