काहीच त्रास नव्हता तेव्हा…

वडिलांना अर्धांगाचा झटका आला. डॉक्टरांनी विचारलं, "बीपी शेवटचं कधी तपासलं?" घरात कुणालाच सांगता येईना. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग कशाला तपासायचं, असं ते म्हणायचे आणि आम्हालाही ते पटायचं. वाढलेला रक्तदाब बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही, हे फार उशिरा कळलं. आता घरातल्या सगळ्यांचं बीपी मी मोजते. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाने पुन्हा एकदा. सगळं वहीत लिहून ठेवते.

काही होत नसताना तुम्ही काय सांभाळता? मनापासून लिहा.

*

दोन्ही मुलींना पाठोपाठ डेंगी झाला. पिंपातलं पाणी आम्ही ओतून टाकत होतो, पण पिंप घासत नव्हतो. चूक तिथेच झाली. एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ आतून चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. पाणी भरलं की पुन्हा अळ्या. आता दर आठवड्याला ब्रशने घासतो. हे डास दिवसा चावतात, म्हणून दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावतो.

*

अंडी चिकटतात हे नव्यानेच कळलं. कुंड्यांखालच्या बशा आत्ताच घासल्या.

*

आजी रात्री उठली आणि पायपुसण्यात पाय अडकून पडली. खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर ती पूर्वीसारखी चाललीच नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर रातदिवा, न्हाणीघरात धरायला दांडा आणि नजरेची तपासणी, एवढं आजच करा. मला याचं फार वाईट वाटतं.

*

सर्दी झाली की घरात उरलेली अँटिबायोटिकं घ्यायचो. सर्दी विषाणूंमुळे होते, ती औषधं जिवाणूंवरची. बंद केलं.

*

वरचं वाचून बाबांचं बीपी मोजलं. १५८/९६. त्यांना काहीच त्रास नाही. एकाच मापावरून काय समजायचं?

*

ताई, एका मापावर निदान होत नाही. चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, वही घेऊन डॉक्टरांना दाखवा. मात्र छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळा पडला, तर वहीसाठी थांबू नका, लगेच इस्पितळात न्या.