अनुभव धागा: लिनक्सवर टेप ड्राइव्ह लावताना

लिनक्सवर एलटीओ ड्राइव्ह (बॅकअपच्या टेप कार्ट्रिज लिहिणारा-वाचणारा) चालवणाऱ्यांनी इथे आपापल्या खाचाखोचा लिहाव्यात. मॉडेलचं कौतुक नको. कुठे अडतं, का अडतं, एवढंच.

*

डिव्हाइसच्या नावापासून सुरुवात करा. 'एसटी०' हे ड्राइव्हचं नाव वापरलं की प्रत्येक कमांड संपताच टेप रिवाइंड होते. दोन टार (अनेक फाइली एकत्र बांधणारी कमांड) एकापाठोपाठ चालवले तर दुसरा पहिल्यावरच लिहिला जातो, आणि एरर एकही येत नाही! स्क्रिप्टमध्ये कायम रिवाइंड न करणारं 'एनएसटी०', आणि भर घालायची असेल तर आधी 'एमटी ईओडी', म्हणजे टेप लिहिलेल्या भागाच्या शेवटी जाते. मधेच कुठे लिहिलंत तर त्यापुढचं सगळं गेलं समजा. ड्राइव्ह दोन असतील तर रीबूटनंतर आकडे बदलू शकतात, म्हणून 'टेप/बाय-आयडी' फोल्डरमधली शेवटी 'एनएसटी' असलेली लिंक घ्या.

*

त्याआधी 'एलएसएससीएसआय -जी' च्या (जोडलेल्या उपकरणांच्या) यादीत ड्राइव्ह दिसतोय का बघा. दिसत नसेल तर बहुतेकदा तो रेड कार्डाला (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) जोडलेला असतो. साधं सॅस एचबीए, म्हणजे ड्राइव्ह थेट जोडणारं कार्ड, लावा. टेप हलवणारी 'एमटी' कमांड ही 'एमटी-एसटी' पॅकेजमधलीच हवी. सीपीआयओ पॅकेजसोबत येणाऱ्या 'एमटी' मध्ये 'सेटबीएलके' (ब्लॉक साइझ ठरवणारी आज्ञा) नाही.

*

सेटबीएलके निघालंच आहे तर ब्लॉक साइझबद्दल, म्हणजे टेपवर एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याच्या आकाराबद्दल. सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच. टार एरवी १०,२४० बाइटचे ब्लॉक लिहितो, एलटीओसाठी ते फारच बारीक. 'एमटी सेटबीएलके ०' करून ब्लॉक बदलता ठेवा आणि टारला '-बी ५१२' द्या, म्हणजे २५६ केबी. रिस्टोअरच्या वेळी 'कॅनॉट अलोकेट मेमरी' आलं तर रॅम वाढवायला धावू नका. टेपवरचा ब्लॉक वाचणाऱ्याच्या बफरपेक्षा मोठा आहे, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या टेपचा ब्लॉक माहीत नसेल तर 'डीडी' ला 'बीएस=१एम काउंट=१' देऊन वाचा. किती बाइट आले तोच ब्लॉक. कार्ट्रिजच्या लेबलवर लिहून ठेवा.

*

वेगाचंही बघा. पूर्ण उंचीचा (फुल-हाइट) एलटीओ-८, म्हणजे आठव्या पिढीचा ड्राइव्ह, कॉम्प्रेशनविना सेकंदाला ३६० एमबी मागतो. लाखो बारक्या फाइली असलेली डिस्क तेवढं देऊ शकत नाही. मग ड्राइव्ह थांबतो, मागे जातो, पुन्हा धावतो. टेप आणि हेड दोन्ही झिजतात. मधे 'एमबफर' (डेटा मेमरीत साठवून पुढे देणारा प्रोग्राम) घाला: '-एम ८जी -पी ९०', म्हणजे बफर ९० टक्के भरल्यावरच लिहिणं सुरू होतं. मात्र आता टेपवरचा ब्लॉक टार नव्हे, एमबफरचा '-एस' ठरवतो. '-एस २५६के' विसरलात तर वरच्या प्रतिसादातली सगळी मेहनत वाया.

*

एलटीओ-९ वाल्यांसाठी: कोरी टेप पहिल्यांदा घातली की इनिशियलायझेशन चालतं, कधी दोन तासांपर्यंत. ड्राइव्ह अडकला समजून पॉवर काढू नका. जुन्या टेप असतील तर खरेदीआधीच हिशेब करा. एलटीओ-७ दोन पिढ्या मागचं, म्हणजे एलटीओ-५ वाचतो. एलटीओ-८ फक्त एकच पिढी मागे जातो.

*

क्लीनिंग टेप दर आठवड्याला घालायची सवय असेल तर सोडा. ड्राइव्ह मागेल तेव्हाच. ड्राइव्हची स्थिती सांगणाऱ्या 'टेपइन्फो' ला एसजी डिव्हाइस ('एलएसएससीएसआय -जी' मध्ये दिसतं ते) द्या. ड्राइव्हचा इशारा टेपअलर्ट २० म्हणजे आत्ता साफ करा. पण हा अलर्ट एकदा वाचला की पुसला जातो, त्यामुळे दोन मॉनिटरिंग स्क्रिप्ट असतील तर दुसरीला तो दिसतच नाही.