लाल त्रिकोण नाही म्हणजे निर्धोक? (तणनाशक, चेअरमन आणि मी)

कर्वेरोडकर
कोथरूडच्या आमच्या सोसायटीत यंदा पेव्हर ब्लॉकच्या फटींतून गवत फार माजलं. रविवारी सकाळी वॉचमन पाठीला पंप लावून फवारत होता. पायात स्लिपर, तोंडाला काही नाही, आजूबाजूला पोरं सायकली फिरवतायत. मी ग्रुपवर विचारलं, काय मारताय? त्यावर चेअरमनसाहेबांचं उत्तर जसंच्या तसं देतो : "ग्लायफोसेट आहे. डब्यावर लाल त्रिकोण नाही म्हणजे विषारी नाही. सरकारमान्य आहे. अर्धवट वाचून घबराट पसरवू नये." खाली अकरा अंगठे.

तिथे एवढं लांब लिहिलं तर मला ग्रुपमधून काढतील, म्हणून इथे.

त्रिकोणाचा रंग काय सांगतो? औषध एकदम पोटात किंवा कातडीतून अंगात गेलं तर किती मात्रेला प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात, एवढंच. पोटात गेलं तर वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. वीस वर्षं फवारणाऱ्याच्या अंगात काय साठतं, त्याबद्दल त्या रंगात अवाक्षर नाही. हिरव्यावरसुद्धा 'सावधान' छापतात, 'या, बसा' नाही.

पॅराक्वाट घ्या, तेही तणनाशकच. त्रिकोण पिवळा. त्याला उतारा नाही, एखादा घोट गेला तरी माणूस हातचा जातो. युरोपीय संघात २००७ पासून बंद, केरळात २०११ पासून. चेअरमनच्या न्यायाने तेही चालायला हवं, लाल कुठे आहे?

आणि केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढली होती, ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच मारायचं. आमचा वॉचमन व्यावसायिक कधी झाला?

रात्रपाळी
आला का सीझन! आता कोणीतरी २०१५ चा आयएआरसीचा (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था) दाखला देणार, त्याआधी मीच देतो. त्यांनी ग्लायफोसेट '२अ'मध्ये टाकलं, म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक'. त्याच गटात लाल मांस आहे, ६५ अंशांच्या वरची गरम पेयं आहेत आणि रात्रपाळीसुद्धा आहे. मी हिंजवडीत नऊ वर्षं अमेरिकेच्या घड्याळावर काम करतोय. माझ्या गळ्यात कुठल्या रंगाचा त्रिकोण बांधताय?

अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए म्हणते कर्करोगाची शक्यता नाही. युरोपने २०२३ मध्ये आणखी १० वर्षांची परवानगी दिली. प्रश्न मात्रेचा असतो. तरी घाबरायचंच असेल तर आधी मटण सोडा.

मोगरा
रात्रपाळी त्या गटात आहे म्हणून गट खोटा? तुमच्या झोपेची मला काळजीच वाटते हो. तो गट 'करू शकतं का' एवढं सांगतो, 'किती मात्रेला' ते नाही. हे तुम्हाला माहीत आहे, तरी मटण मध्ये आणलंत. अमेरिकेत ग्लायफोसेटने कर्करोग झाला म्हणून ज्या कंपनीवर (बायर) हजारोंनी दावे पडले, तिने २०२० मध्ये सुमारे १० अब्ज डॉलर मोजून तडजोड केली. चूक कबूल केली नाही, पण एवढा पैसा कोणी हौसेने देत नाही. आणि डब्यात नुसतं ग्लायफोसेट नसतं. पानाला चिकटावं म्हणून जे घालतात, त्यातला एक प्रकार युरोपने २०१६ मध्ये बाद केला. लेबलवर त्याचं नाव शोधून दाखवा.

यवतमाळला २०१७ मध्ये फवारताना माणसं मेली, ती विसरलात?

बांधावरचा
ताई, यवतमाळला कापसावर कीटकनाशकं मारत होते. तणनाशक नाही. निदान एवढं तरी बघून लिहा.

आता माझं ऐका. शिरूर तालुका, अडीच एकर कांदा, बाकी ऊस. कांद्यात ऑक्सिफ्लोरफेन, तेही तणनाशकच, बांधाला ग्लायफोसेट. हौस नाही. खुरपायला बाया मिळत नाहीत. मिळाल्या तर ३५० हजेरी, वर आणायला-सोडायला टेम्पो. दहा वाजता येणार, चारला 'दादा, गाडी काढा'. एका खुरपणीत कांद्याचा नफा गेला. पुण्यात दोन फटींतलं गवत बघून तुमचा जीव वर-खाली होतो. आमच्या रानात येऊन एक वाफा खुरपून दाखवा.

मोगरा
यवतमाळचं माझं चुकलं. मान्य.

पण बायांना ३५० आणि पंप मारणाऱ्या गड्याला किती देता?

बांधावरचा
५००. का? पंप भरला की वीस किलो होतो पाठीवर.

मोगरा
आणि सहा तास उकिडवं बसून खुरपणं म्हणजे आराम? बाया मिळत नाहीत असं नाही दादा, ३५० त मिळत नाहीत.

बांधावरचा
मग कांदा ४० ने घ्या की! भाव थोडा वाढला की तुम्हीच रडता, सरकार लगेच निर्यात बंद करतं. बाईची हजेरी वाढवायची माझी ना नाही, पण ती कांद्याच्या भावातूनच निघणार ना? माझी बायकोही खुरपते. तिला ३५० सुद्धा नाहीत.

आडमुठा
हजेरीचं बरोबर बोललात. वर इथल्या काही 'सेंद्रिय' दुकानांत तोच गूळ दुप्पट भावाला, कागदी पिशवीत. माझ्या मेव्हण्याने…

कर्वेरोडकर
आडमुठेसाहेब, गुळाचा धागा वेगळा काढा. प्रश्न लेबलचा आहे.

बांधावरचा
लेबल, लेबल! पाणी कोणी द्यायचं, लाईट कधी यायची, ते नाही विचारत कोणी. एसीत बसून त्रिकोण मोजतायत.

मोगरा
मी एसीत नाही, आणि हे सांगणार नव्हते. दौंडजवळ माझ्या मामाच्या शेतावर सालगडी होता. पॅराक्वाट सुटं आणलेलं, कोल्ड्रिंकच्या बाटलीत. मूळ डबा दुकानातच, म्हणजे लेबलही तिकडेच. रात्री अंधारात त्याने पाणी समजून घोट घेतला, चव कळताच थुंकला, चूळ भरली. दुसऱ्या दिवशी तोंड सोललं, आणि तो म्हणत होता, बरा आहे मी. अकराव्या दिवशी श्वास पुरेना. दवाखान्यात डॉक्टरांचं काही चालेना. तो गेला. घरात दोन लहान मुली. मामा अजून त्या गोठ्यात एकटा जात नाही.

बांधावरचा
वाईट झालं.

आमच्याकडेही बाटलीत ओतून नेतात. मीही नेलंय, खोटं कशाला बोलू. आज डब्याला चिकटवलेलं पत्रक उलगडलं. घडीवर घडी, ही एवढी लांब. मराठी सापडेपर्यंत चहा गार झाला, मग पोराच्या मोबाईलने अक्षरं मोठी करून वाचली. बारा वर्षं मारतोय, पहिल्यांदा वाचलं. दुकानदार सांगतो 'पंपाला दोन झाकणं', तेच आमचं लेबल. पण म्हणून मारायचं थांबवणार नाही. कांदा तुम्ही खुरपणार नाही.

रात्रपाळी
ठीक आहे, मात्रेचा मुद्दा माझाच होता आणि तो माझ्यावरच उलटला. झाकणाने मोजणाऱ्याला कसली मात्रा! मटण मात्र सोडणार नाही.

कर्वेरोडकर, तुमच्या गवताचं काय झालं?

कर्वेरोडकर
पिवळं पडलंय. वॉचमनला रबरी हातमोजे आणून दिले, तो ते घालून गाड्या धुतो. डबा बघायला मागितला तर म्हणाला, पंपाबरोबर रोज धुतो साहेब, कागद कधीच निघून गेला. चेअरमनचा नवा मेसेज : "ज्यांना औषधाची भीती वाटते त्यांनी पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता खुरपं घेऊन खाली यावं."

मोगरा
हजेरी किती देतायत, विचारा.