मदत हवी आहे: हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) नसलेल्या जागी राहायच्या छोट्या ट्रेलरला वीज कशी पुरवावी? (सोबत बाबांचे सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारे मशीन आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही डेन्व्हरला राहतो. माझे आईबाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. बाबा हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचे. कोलोरॅडो नदीने कोरलेल्या दऱ्या त्यांनी वर्षानुवर्षे फळ्यावर काढून दाखवल्या, पण प्रत्यक्ष पाहिल्या नाहीत. म्हणून ऑक्टोबरात युटामधल्या मोअॅबकडे चार रात्रींचा बेत केला आहे. कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या 'आयलंड इन द स्काय' भागात विलो फ्लॅट हे १२ जागांचे छोटेसे कॅम्पग्राउंड आहे. तिथून ग्रीन रिव्हर ओव्हरलुक पायी गाठता येतो आणि मेसा आर्च ही दगडी कमान गाडीने अगदी जवळ पडते. मोअॅबच्या हॉटेलात उतरलो तर सूर्योदयासाठी ७४ वर्षांच्या माणसाला भल्या पहाटे उठवून पाऊण तास गाडीत बसवावे लागेल, आणि रात्रीचे आकाश तर मिळणारच नाही. त्यांना ते आकाश दाखवायची मला फार इच्छा आहे.

अडचण अशी की तिथे वीज नाही, पाणीही नाही. आमचा १६ फुटी जुना ट्रेलर आजवर हुकअप असलेल्या जागीच उभा केला आहे. बाबांना स्लीप अॅप्निया आहे (झोपेत श्वास अडतो) आणि सीपॅपशिवाय एक रात्रही काढायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. त्यामुळे 'बघू, पुरली तर पुरली' असे करून चालणार नाही.

आत्ता ट्रेलरवर ग्रुप २४ आकाराची लेड-अॅसिड बॅटरी आहे, साधारण ८० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवलेल्या विजेचे माप). छतावर आधीच्या मालकाने बसवलेले १०० वॅटचे एक सोलर पॅनेल आणि साधा कंट्रोलर (बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारा) आहे. फ्रिज थ्री-वे आहे, म्हणजे गॅस, घरची वीज किंवा १२ व्होल्ट, कशावरही चालतो. फर्नेस (ट्रेलर गरम ठेवणारा हीटर) तासाला १६,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचे माप), प्रोपेनवर चालणारी, पण तिचा पंखा बॅटरीवर फिरतो. बाकी एलईडी दिवे आणि पाण्याचा पंप. २० पौंडी प्रोपेन सिलिंडर दोन आहेत. ओढायला एसयूव्ही आहे, तिला ट्रेलरला वीज देणारे ७-पिनचे कनेक्शन आहे.

इथल्या एका दुकानात पेट्रोलचा जनरेटर घ्या म्हणाले. त्या शांततेत तो आवाज मला नको आहे, शिवाय कॅम्पग्राउंडमध्ये तो रात्री चालवताही येत नाही. मग बॅटरी मोठी घ्यावी की पॅनेल वाढवावे? गाडी चालताना ट्रेलरची बॅटरी कितपत भरते? आणि सीपॅप इन्व्हर्टरवर लावावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (आल्बुकर्कीहून)

ताई, खरेदीच्या आधी हिशेब मांडू. मी बरीच वर्षे न्यू मेक्सिको आणि युटात बिनाहुकअप राहतो आहे. बहुतेक लोक पॅनेलपासून सुरुवात करतात, पण सुरुवात रात्रीपासून करावी. पहाटे पाच वाजता बॅटरीत किती उरले, यावर सगळे ठरते.

तुमची बॅटरी ८० एएचची असली तरी लेड-अॅसिड निम्म्याखाली नेऊ नये, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हातात ४० एएच. आता खर्च बघा. एवढ्या फर्नेसचा पंखा साधारण साडेतीन अँपिअर घेतो. आयलंड इन द स्काय सुमारे ६,००० फुटांवर आहे, ऑक्टोबरात रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. रात्रभरात थांबत थांबत पाच तास फर्नेस चालली तर १७-१८ एएच गेले. फ्रिज गॅसवर ठेवला तरी त्याचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड चोवीस तासांत १० एएचपर्यंत खातो. दिवे, पंप आणि गॅसचा अलार्म मिळून ६. झाले ३४. सीपॅपचा ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) आणि तापणारी नळी बंद असतील तर मशीन तासाला एक एएचच्या आसपास घेते, म्हणजे आठ तासांचे ८. एकूण ४२! तुमची बॅटरी पहिल्याच पहाटे काठावर आली. ह्युमिडिफायर चालू ठेवला तर सीपॅपचेच ३० एएचच्या वर जातील आणि मग ही बॅटरी पुरण्याचा प्रश्नच नाही.

म्हणून १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. तिच्यातले ८० ते ९० एएच निर्धास्त वापरता येतात, व्होल्टेज शेवटपर्यंत टिकते आणि वजनही लेड-अॅसिडपेक्षा बरेच कमी. मात्र दोन गोष्टी पाहून घ्या. एक, लिथियम बॅटरी शून्य सेल्सिअसच्या खाली चार्ज करायची नसते. वीज देते, पण घेताना आतून कायमची खराब होते. तिच्या बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) थंडीत चार्जिंग तोडायची सोय आहे का, हे विकत घेतानाच विचारा. शक्यतो ती ट्रेलरच्या आत, बाकड्याखाली बसवा. लेड-अॅसिडमधून हायड्रोजन निघतो म्हणून ती बाहेर ठेवावी लागते, लिथियमला ते बंधन नाही. दुसरे, तुमचा जुना कंट्रोलर आणि ट्रेलरचा कन्व्हर्टर (हुकअपच्या विजेवरून बॅटरी भरणारा) लिथियमसाठी चालतात का ते तपासा. लिथियमला चार्ज व्हायला १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात, जुने कन्व्हर्टर १३.६ वर अडकतात आणि बॅटरी पूर्ण भरतच नाही.

आता गाडीचे. ७-पिनमधून बॅटरी भरते हे खरे, पण ती तार लांब आणि बारीक असते, वाटेत व्होल्टेज पडते आणि हाती पाच-सात अँपिअर आले तरी पुष्कळ. त्यात फ्रिज १२ व्होल्टवर ठेवून गाडी चालवलीत, तर तो एकटाच १० ते १५ अँपिअर ओढतो. म्हणजे दिवसभर प्रवास करून मुक्कामाला पोचाल तेव्हा बॅटरी निघतानापेक्षा रिकामी असेल! फ्रिज आदल्या रात्री घरच्या विजेवर गार करून घ्या, प्रवासात बंद ठेवा, दार उघडू नका. पाच-सहा तास सहज तग धरतो.

२० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवरून ट्रेलरची बॅटरी योग्य व्होल्टेजने भरणारा) बसवून घेतलात तर चित्र पालटते. डेन्व्हर ते मोअॅब साधारण ३५० मैल आहे. आय-७० महामार्गाने पाच तास गाडी चालली की १०० एएच, म्हणजे रिकामी बॅटरीसुद्धा भरून निघते. तुमच्या सहलीत सूर्यापेक्षा गाडीचा आल्टरनेटर (इंजिनवर वीज बनवणारा) जास्त भरवशाचा आहे.

प्रतिसाद (सॅक्रामेंटोहून)

मी स्वतः सीपॅप वापरते, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते.

इन्व्हर्टरवर लावू नका. बॅटरीची १२ व्होल्टची वीज १२० करायची आणि मशीनच्या अडॅप्टरने ती पुन्हा २४ वर आणायची, यात दोन्हीकडे वीज वाया जाते. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतः थोडी वीज खातो. तुमच्या मशीनच्या मॉडेलसाठीच बनवलेला डीसी अडॅप्टर मिळतो, तो सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसतो. वायरी कापून जोडाजोड अजिबात नको.

ह्युमिडिफायरबद्दल बाबांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका. वाळवंटातली हवा फार कोरडी असते, काहींचा घसा सुकतो, नाकातून रक्त येते. हीटर बंद ठेवून टाकीत नुसते पाणी ठेवले तरी हवा त्यावरून जाताना थोडी ओल घेते. मला तेवढे पुरते, त्यांना पुरेल का हे घरी दोन-तीन रात्री करून बघा. पाणी डिस्टिल्डच घ्या, आणि मशीन हलवण्याआधी टाकी रिकामी करा.

आणि माझे सगळ्यात कळकळीचे सांगणे: सीपॅप ट्रेलरच्या बॅटरीवर ठेवूच नका. त्याला वेगळा पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारी बॅटरीची पेटी) घ्या, ५०० वॅट-अवरचा पुरतो. फर्नेस, पंप, दिवे यांच्यात काही बिघडले, फ्यूज उडाला, कोणी दिवा चालू ठेवून झोपले, तरी बाबांचा श्वास त्यावर अवलंबून राहता कामा नये. दिवसा गाडीच्या सॉकेटवर तो भरत राहतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. प्लगमध्ये लावायचा वॉट-मीटर आणून घरी मोजले. ह्युमिडिफायर आणि नळी चालू ठेवून रात्रभरात ०.३६ युनिट, दोन्ही बंद ठेवून ०.०८. इतका फरक असेल असे वाटले नव्हते. डॉक्टरांनी हीटर बंद, टाकीत पाणी, असे चालेल म्हणून सांगितले, आणि बाबा त्यावर व्यवस्थित झोपले. आईची मात्र वेगळी काळजी आहे, तिला थंडी सोसत नाही. फर्नेसला गॅस पुरेल ना?

प्रतिसाद (आल्बुकर्कीहून)

पुरेल. २० पौंडी सिलिंडरमध्ये साधारण ४,३०,००० बीटीयू असतात. तुमची फर्नेस रात्री पाच तास चालली तर ८०,००० जातात. एका सिलिंडरमध्ये पाच रात्री निघाव्यात, आणि तुमच्याकडे दोन आहेत. आईंना एक जाड रजई आणि गरम पाण्याची पिशवी द्या म्हणजे थर्मोस्टॅट खाली ठेवता येईल. उबेसाठी शेगडी पेटवून ठेवू नका, कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म निघण्यापूर्वी तपासा, त्यांनाही मुदत असते.

प्रतिसाद (ह्यूस्टनहून)

स्वयंपाकाचे कोणी बोलले नाही म्हणून. इंडक्शन नेऊ नका, १,८०० वॅटची शेगडी १०० एएचची बॅटरी पाऊण तासाच्या आत संपवेल. कुकर गॅसवर लावा. मिक्सर दोन मिनिटे चालला तर वीज फार जात नाही, पण त्यासाठी मोठा इन्व्हर्टर आणि जाड केबल लागते. त्यापेक्षा वाटण घरीच करून गोठवून न्या, फ्रिजलाही त्याची मदत होते. शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी तर महिनाभर टिकते.

प्रतिसाद (सॉल्ट लेक सिटीहून)

विलो फ्लॅटला आरक्षण नसते, आधी येईल त्याला जागा. ऑक्टोबरात सकाळी लवकर पोचा. आणि हे माहीत असू द्या की त्याच रस्त्यावर अलीकडे डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्क आहे. तिथल्या कायेंटा आणि विंगेट कॅम्पग्राउंडमध्ये विजेचे हुकअप आहेत आणि आरक्षण करता येते. एक रात्र तिथे ठेवलीत तर सगळे भरून घेता येईल, आणि कोलोरॅडोचे ते मोठे वळण बाबांना कड्यावरून पाहता येईल. भूगोलाच्या शिक्षकाने ते चुकवू नये. पाणी मात्र मोअॅबमध्येच भरून घ्या, वर ट्रेलरच्या टाक्या भरायची सोय नाही.

धागाकर्ती

हे तर फारच छान झाले! दुसरी रात्र डेड हॉर्स पॉइंटला मिळाली, आरक्षण केले. लिथियम बॅटरी, डीसी-टू-डीसी चार्जर आणि सीपॅपसाठी वेगळा पॉवर स्टेशन, असे ठरवले आहे. आता पैसे उरतात ते आणखी एका पॅनेलपुरते. छतावर घ्यावे की जमिनीवर ठेवायचे? आणि चार्जर बसवणाऱ्याला काय बजावू?

प्रतिसाद (आल्बुकर्कीहून)

जमिनीवरचे घ्या, घडीचे, १०० वॅटचे. ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. छतावरचे सपाट पॅनेल स्वच्छ दिवशी २५ एएच देईल, दक्षिणेकडे तिरके ठेवलेले त्याहून बरेच जास्त. ट्रेलर सावलीत उभा करून पॅनेल उन्हात ठेवता येते, हा वेगळाच फायदा. त्याच्यासाठी एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) घ्या. वारा सुटला की ते उलथते, म्हणून पायांना दोरी बांधा.

बसवणाऱ्याला सांगा की फ्यूज दोन्ही टोकांना हवा, गाडीच्या बॅटरीपाशी आणि ट्रेलरच्या बॅटरीपाशी, शक्य तितका जवळ. चार्जर ट्रेलरमध्ये, बॅटरीच्या शेजारी बसवा. केबलची जाडी गाडीच्या बॅटरीपासून चार्जरपर्यंतचे जाऊन-येऊन अंतर धरून काढा, ७-पिनच्या जुन्या तारेवर भागवू देऊ नका. गाडीत स्मार्ट आल्टरनेटर (गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करणारा) असेल तर इंजिन चालू असतानाच चार्जर सुरू व्हावा म्हणून इग्निशनची तार जोडावी लागते, ती विसरतात. काम झाले की इंजिन चालू करून मीटर लावा. चार्जरच्या बाहेरचे व्होल्टेज इंजिन बंद असतानापेक्षा वाढलेले दिसले पाहिजे, आणि बॅटरी भरत आली की १४ च्या वर. मग निघण्याच्या आठवडाभर आधी घराच्या ड्राइव्हवेतच, प्लग काढून, फर्नेस लावून सगळे एक रात्र ट्रेलरमध्ये झोपा.