मदत हवी आहे : लाईव्ह क्लासमध्ये ऐकू येतं, बोलायला गेलं की आवाज तुटतो (घाटंजी, यवतमाळ)

बारावी गणिताचा क्लास झूमवर, रोज संध्याकाळी ७ ते ८:३०. टॉवर दोनेक किलोमीटरवर, घर टिनाचं. अँड्रॉइड फोन, ३ जीबी रॅम, दोन सिम, रोजचा डेटा १.५ जीबी. सरांचा आवाज आणि फळा नीट येतो. पण माईक उघडून उत्तर दिलं की तिकडे शब्द तुटक जातात, आणि मधेच क्लासमधून बाहेर फेकलं जातं. त्याच जागी यूट्यूब अजिबात थांबत नाही. स्पीड टेस्ट : डाउनलोड ६, अपलोड ०.३ एमबीपीएस. नवा फोन घेण्याआधी काय तपासावं?

प्रतिसाद १
भाऊ, फोन बदलू नका. दुखणं अपलोडचं आहे. नुसत्या आवाजाला झूमला ६० ते ८० केबीपीएस पुरतात, पण कॅमेरा सुरू केला की मागणी ६०० पर्यंत जाते. तुमच्याकडे आहेत ३०० (०.३ एमबीपीएस म्हणजे ३०० केबीपीएस), तेही स्थिर नसणार. हजेरीपुरता चेहरा दाखवा आणि कॅमेरा बंद करा.

यूट्यूब पुढचा भाग आधीच भरून ठेवतो, त्यामुळे पाच सेकंद रेंज गेली तरी कळत नाही. बोलण्यात ती सोय नाही. उशिरा पोचलेला शब्द ॲपला टाकूनच द्यावा लागतो. म्हणून पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंदांच्या आत आणि जिटर (त्या वेळेतला चढउतार) ४० च्या आत आहे का ते बघा. टेस्ट संध्याकाळी सातलाच करा, सकाळचे आकडे फसवतात.

आता टिन. पत्रा लहरी अडवतो. त्यात टॉवर जोरात बोलतो आणि फोनची ताकद त्याच्यापुढे फारच कमी, म्हणून रेंज घटली की आधी अपलोड मोडतं. ऐकू येतं पण जात नाही, ते यामुळेच. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल', मग 'सिम स्टेटस' उघडा. सिग्नल उणे ९५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा मोठा तितकी रेंज कमी) आसपास असेल तर काम होतं, उणे ११० च्या पलीकडे आशा सोडा. खोली, छपरी, आवार, तिन्ही ठिकाणी मोजा.

प्रतिसाद २
बाहेर फेकलं जाण्याचं कारण वेगळं वाटतं. व्होल्टी (४जीवरूनच कॉल करायची सोय) बंद असेल तर कॉल येताच फोन ४जी सोडून खाली उतरतो आणि डेटा थांबतो. दुसऱ्या सिमवर कॉल घेतला तरी बऱ्याच फोनमध्ये पहिल्या सिमचा डेटा बंद पडतो. व्होल्टी सुरू करा, क्लासपुरतं दुसरं सिम सेटिंगमधून बंद ठेवा. झूमवरचा 'बॅटरी ऑप्टिमायझेशन'चा निर्बंधही काढा. रॅम कमी असली की मागे गेलेलं ॲप फोन मारून टाकतो.

धागाकर्ता
खोलीत उणे ११४, छपरीत उणे ९७. व्होल्टी बंदच होतं. पण छपरीत गोंगाट आहे, आणि लाईन गेली तर?

प्रतिसाद १
मग छपरीतच बसा. माईकवाले वायरचे इयरफोन लावा. माईक तोंडापासून चार बोटांवर धरा, शर्टाला घासू देऊ नका. स्पीकरवर ऐकलं तर सरांचाच आवाज परत जातो आणि घुमतो. उत्तर देतानाच माईक उघडा, आणि आवाज अडकला तर लगेच चॅटमध्ये लिहा. उत्तर आधी पोचलं पाहिजे.

लाईनसाठी १०,००० एमएएचची पॉवर बँक पुरते. तरी फोन क्लासआधीच भरून घ्या. चार्जिंग आणि व्हिडिओ सोबत चालले की फोन तापतो, तापला की मंदावतो. एप्रिल-मेमध्ये टिनाखाली तर नक्कीच. मागचं कव्हर काढून ठेवा.

डेटाचा हिशोब : ६०० केबीपीएसने दीड तासाला साधारण ४०० एमबी. प्ले स्टोअरचं ऑटो-अपडेट बंद करा, कारण कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि त्यात आवाजही धड चालत नाही.

धागाकर्ता
आज संध्याकाळी छपरीतून, कॅमेरा आणि दुसरं सिम बंद ठेवून बघतो. सातची टेस्ट इथेच टाकतो.